डाव्या बाजूची काच

पनवेल सोडून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने खोपोलीकडे निघालात, की काही वेळाने डाव्या हाताला इर्शाळगडाचा सुळका दिसू लागतो आणि मग आमचे चौक येते. येथून डावीकडे कर्जतचा रस्ता फुटतो. समोरचा रस्ता खालापूर, खोपोली करीत घाटाकडे जातो. अष्टविनायकांपैकी महडचा वरदविनायक आमच्याच खालापूर तालुक्यातला. त्यामुळे तुमच्यापैकी पुष्कळ जण मुलासुनेबरोबर किंवा भाड्याच्या गाडीने या रस्त्यावरून गेलेले असणार. आणि त्या प्रवासात कधी तरी, कुठल्या तरी फाट्याजवळ, चकाकत्या पट्ट्यांचे जाकीट घातलेल्या माणसाने हात दाखवून तुमची गाडी बाजूला घ्यायला लावली असणार.

त्या वेळी गाडीत काय होते, ते आठवून पाहा. मागे बसलेल्यांची पट्टा शोधण्याची धांदल उडते. चालवणारा ‘आता हा पावती फाडणार’ असे पुटपुटतो. कोणी तरी फोन काढून ओळखीच्या साहेबांचा नंबर शोधू लागतो. घरातली वडीलधारी माणसे मात्र बहुधा गप्प बसतात; आपला यात काय संबंध, असे त्यांना वाटते. मला आज त्या गप्प बसणाऱ्या वडीलधाऱ्यांशीच बोलायचे आहे, कारण मीही आता त्यांच्यातलीच एक आहे.

माझे यजमान पोलीस दलातून २०१४ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. चौतीस वर्षांच्या नोकरीतील अकरा वर्षे महामार्गावर गेली. मी शाळेत मराठी शिकवीत असे. ते कामावरून आले की जेवताना रस्त्यावरच्या गोष्टी सांगत आणि मी ऐकत असे. त्यामुळे कधीही रस्त्यावर उभी न राहता तो रस्ता मला बराचसा पाठ झाला. आता त्या अकरा वर्षांनी त्यांच्या शरीरावर जे काही ठेवले आहे, त्याची देखभाल माझ्याकडे आहे.

आपल्या देशात वाहने डाव्या बाजूने चालतात आणि चालक उजव्या बाजूस बसतो. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला थांबली, की चालकाची खिडकी येते ती नेमकी वाहत्या रस्त्याकडे. पोलिसाने लायसन पाहण्यासाठी त्या खिडकीशी जायचे म्हणजे धावत्या वाहनांकडे पाठ करून उभे राहायचे. महामार्गावरील एक मार्गिका साधारण साडेतीन मीटर रुंद असते आणि मालट्रक अडीच मीटर. ट्रक अगदी मधोमध चालला, तरी दोन्ही बाजूंस हातभर जागा उरते, आणि त्यातही त्याचे आरसे बाहेर आलेले असतात. तुमची गाडी साइडपट्टीवर नीट न उतरता दोन चाके डांबरावर ठेवून उभी असेल, तर पोलीस त्या ट्रकच्याच वाटेत उभा असतो. ताशी ऐंशीच्या वेगाने येणारे वाहन एका सेकंदात बावीस मीटर पुढे येते. त्याच्या चालकाने तीन सेकंद मोबाईलकडे पाहिले, तर तेवढ्यात तो सहासष्ट मीटर अंतर न बघता कापतो. पावसाळ्यातल्या संध्याकाळी, काचेवर पाणी आणि समोरून येणाऱ्या दिव्यांची तिरीप असताना, चकाकते जाकीटही उशिरा दिसते. वाचकांपैकी ज्यांना मोतीबिंदूची सुरुवात आहे, त्यांना ही तिरीप म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा प्रकाश पोचतो. म्हणून सत्तरीच्या पुढे रात्री महामार्गावर स्वतः गाडी चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या भावाला ते अजून पटलेले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा एक आकडा माझ्या मनातून जात नाही. मोटारीच्या दर्शनी भागाची धडक बसलेल्या पायी माणसाच्या मृत्यूचा धोका, वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटर झाला की साडेचार पटींनी वाढतो. पंधरा किलोमीटरचा हा फरक आपल्याला आत बसून जाणवतही नाही.

२००७ सालच्या पावसाळ्यात खालापूरच्या अलीकडे यांनी एक मोटार थांबवली. मागे लहान मुले उभी होती आणि पुढे कोणीही पट्टा लावला नव्हता, एवढेच कारण. मोटार अर्धी रस्त्यावरच थांबली. हे उजव्या खिडकीशी वाकून बोलत असताना मागून आलेल्या टेम्पोचा आरसा त्यांच्या डाव्या खांद्यावर बसला आणि टेम्पो तसाच निघून गेला. खांद्याचे हाड मोडले, डोके गाडीच्या दाराच्या कडेवर आपटले. गाडीतील माणसे सज्जन होती. घाबरून ती सगळी एकदम उजवी दारे उघडून खाली उतरू लागली, लहान मुलांसकट. हे रस्त्यावर पडलेले होते, आणि त्यांच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते ‘तिकडून उतरू नका’ असे. त्यांच्या सहकाऱ्याने मला हे नंतर सांगितले. यांना स्वतःला त्यातले काही आठवत नाही.

पुढे पाच महिने घरी. खांदा सांधला, पण आखडला. आजही त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. सदरा घालताना आधी डावी बाही आणि काढताना ती शेवटी, हा क्रम आमच्या घरात ठरून गेला आहे. ज्यांच्या घरी आखडलेल्या खांद्याचा माणूस आहे त्यांनी हा क्रम करून पाहावा. सकाळची निम्मी चिडचिड कमी होते.

परत कामावर गेल्यावर त्यांनी एक गोष्ट मात्र बदलली. गाडी थांबली की ते मागून वळसा घेऊन डाव्या खिडकीशी जात आणि तेथूनच बोलत. तेथे साइडपट्टी असते, गटार असते, क्वचित चिखलही असतो. पण त्यांच्या आणि ट्रकच्या मध्ये तुमची अख्खी गाडी असते. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी पोलिसांना प्रवाशाच्या बाजूने जाण्याचेच शिक्षण देतात, हे आम्हाला पुढे मुलीकडून कळले. यांना ते रस्त्यानेच शिकवले होते. अडचण इतकीच असे, की डावीकडची काच पुष्कळदा वर असायची आणि आत बसलेले आजोबा किंवा आजी ती खाली करायला तयार नसायच्या. पोलीस आपल्याशी का बोलतो आहे, असे त्यांना वाटे. चालक मग आपली उजवी काच खाली करून ‘इकडे या’ म्हणून हात करी.

वाचकहो, माझे सांगणे या काचेपासूनच सुरू होते. चालकाशेजारी तुम्ही बसला असाल आणि पोलिसाने गाडी थांबवली, तर तुमची डावी काच खाली करा आणि कागद तुम्ही द्या. तुमचे केस पांढरे आहेत. तुम्ही ‘या, इकडून बोला’ म्हटलेत, तर तरुण शिपाईसुद्धा मुकाट्याने त्या बाजूला येईल. चालवणाऱ्या मुलाला सांगा, ‘आणखी पुढे घे, चारही चाके पांढऱ्या रेषेच्या आत येऊ देत.’ चारही इंडिकेटर चालू करायला लावा. अंधार असेल तर गाडीतला दिवाही लावा, म्हणजे आत कोण आहे हे बाहेरच्या माणसाला दिसते आणि त्याचाही जीव भांड्यात पडतो. तो घाबरलेला असू शकतो, ही गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. कोणत्या गाडीत कोण बसले आहे, हे त्याला आधी कुठे ठाऊक असते?

ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खार येथे वाहतूक पोलीस विलास शिंदे यांनी हेल्मेटशिवाय दुचाकी चालवणाऱ्या एका अल्पवयीन मुलाला थांबवून कागदपत्रे मागितली. मुलाने बोलावून घेतलेल्या नातलगाने त्यांच्या डोक्यावर प्रहार केला आणि आठवडाभराने त्यांचे निधन झाले. एप्रिल २०२३ मध्ये तर आमच्या शेजारच्या नवी मुंबईतच, वाशी परिसरात अडवायला गेलेल्या एका वाहतूक पोलिसाला बॉनेटवर तसेच घेऊन मोटार थेट उरणच्या वाटेवरील गव्हाण फाट्यापर्यंत धावली. तो वाचला. त्या दिवशी यांनी दूरदर्शन संच बंद केला आणि बराच वेळ अंगणात जाऊन बसले.

अशी माणसे थोडीच असतात, हे खरे आहे. परंतु हुज्जत घालणारी माणसे थोडी नसतात. पोलिसांचे वागणे नेहमीच योग्य असते, असा दावा मी करणार नाही. काही जण उद्धट असतात, काहींचे हात स्वच्छ नसतात, हे पोलिसाच्या बायकोला कोणी सांगायला नको. त्यासाठी तक्रारीची वाट आहे, ई-चलन चुकीचे वाटले तर हरकत नोंदवण्याची सोय आहे. ते घरी बसून करावे. रस्त्याच्या कडेला घातलेल्या वादाचे प्रत्येक मिनिट हे त्या पोलिसाचे आणि तुमच्या गाडीतील सर्वांचे महामार्गावर उघडे पडण्याचे मिनिट असते. मागून येणाऱ्या ट्रकचा चालक वीस तास जागा असेल, तर चूक कोणाची होती, याला काही अर्थ उरत नाही. गणवेशातील पोलिसाने मागितल्यास लायसन दाखवणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे बंधनकारक आहे, आणि आता डिजिलॉकरमधली प्रतही चालते. दोन मिनिटांचे काम आहे. ते दोन मिनिटांत होईल की वीस, हे पुष्कळदा गाडीतील सर्वांत वडील माणसाच्या एका शब्दावर ठरते. ‘ओळखीच्या साहेबांना फोन लावू नकोस’ हे मुलाला आईच सांगू शकते.

आता कोणी म्हणेल, की कॅमेरे आले आहेत, मग पोलिसाने रस्त्यावर उभे राहावेच कशाला? प्रश्न रास्त आहे. द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा वेग, पट्टा, मार्गिका यांवर नजर ठेवते आणि चलन थेट मोबाईलवर येते. मला त्याचा आनंदच आहे. कॅमेऱ्याला खांदा नसतो, आणि त्याची वाट पाहत घरी कोणी बसलेले नसते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांपैकी बहुसंख्य मृत्यू अतिवेगाशी जोडलेले होते. वेग यंत्राने मोजला जावा, हेच उत्तम. तरीही काही गोष्टी यंत्राला जमत नाहीत.

एका अंगारकीची हकीकत सांगते. महडला जाणाऱ्यांची गर्दी होती. चौकच्या फाट्याजवळ एक मोटार वेडीवाकडी येताना यांना दिसली. थांबवली. हे नेहमीप्रमाणे डाव्या बाजूला गेले. चालवणारे गृहस्थ साठी ओलांडलेले, बोलणे अडखळते, नजर हरवलेली, शर्ट घामाने भिजलेला. पहिला संशय दारूचाच यावा, असे चित्र. कायद्याने शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळले तर गुन्हा होतो आणि त्यासाठी फुंकर मारायचे यंत्र जवळ असते. परंतु डावीकडे बसलेल्या त्यांच्या पत्नीने काच खाली केली होती, आणि यंत्र पुढे करण्याआधीच त्या म्हणाल्या, ‘यांना मधुमेह आहे हो. सकाळी गोळी घेतली आहे आणि आज उपवास आहे.’

माझ्या सासूबाईंना मधुमेह होता, म्हणून यांना ती लक्षणे माहीत होती. किल्ली काढून घेतली, पलीकडच्या चहाच्या टपरीतून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून आणली आणि गृहस्थ शुद्धीवर आहेत, नीट गिळू शकतात, हे पाहून हळूहळू पाजली. पंधरा मिनिटांनी ते आपले नाव-गाव सांगू लागले. पुढे त्यांना स्वतः गाडी चालवू दिली नाही. मुलगा येईपर्यंत ते टपरीच्या बाकावर बसून होते आणि उपवास मोडला म्हणून हळहळत होते.

मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन घेतल्यानंतर पोटात अन्न गेले नाही, तर रक्तातील साखर सत्तरच्या खाली उतरू शकते. मग घाम, थरथर, गोंधळ, अडखळते बोलणे. दिसायला ही नशाच वाटते. घरी अशी व्यक्ती असेल, तर उपवासाच्या दिवशी गोळ्यांचे काय करायचे, हे डॉक्टरांना आधी विचारा आणि त्या दिवशी तिच्या हाती गाडी देऊ नका. खडीसाखर किंवा ग्लुकोज हाताशी ठेवा. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नका. १०८ ला फोन करा. आणि पोलिसाने थांबवले, तर आजार लपवू नका. कंपवाताने हात हळू चालत असतील, कानाला कमी ऐकू येत असेल, तेही पहिल्याच वाक्यात सांगा. समोरच्याला ते उर्मटपणासारखे दिसू नये.

कानांचे नाव निघालेच आहे, तर आमच्या घरातले सांगते. यांच्या दोन्ही कानांची उच्च स्वरांची ऐकण्याची शक्ती गेली आहे. हॉर्नच्या आवाजात अनेक वर्षे उभे राहिल्याने कानातील आतल्या पेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. प्रथम जातात ते ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे वर्ण आणि लहान मुलांचे आवाज. नात बोलते ते त्यांना ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत. ओरडून उपयोग होत नाही; ओरडले की आवाज आणखी चिरका होतो. मी समोर बसते, दूरदर्शन संच बंद करते आणि सावकाश, खालच्या पट्टीत बोलते. श्रवणयंत्र दोन वर्षे कपाटात पडून होते; आता ते सकाळी दोन तास लावतात. इतक्यावर मी समाधान मानले आहे.

पायांची कथा निराळी. चालताना पोटऱ्यांचे स्नायू दाबले जातात आणि रक्त वर ढकलले जाते. एका जागी तासन् तास उभे राहिले की ते खालीच साचते, शिरांतील झडपा निकामी होतात, शिरा फुगून दोरासारख्या वर येतात. यांच्या उजव्या घोट्याच्या आतल्या अंगाला जखम झाली होती, ती भरायला सात महिने लागले. रोज ड्रेसिंग, दिवसातून तीन-चार वेळा पाय छातीच्या पातळीपेक्षा उंच ठेवून झोपणे आणि डॉक्टरांनी माप घेऊन दिलेले दाबाचे मोजे. हे मोजे मनाने आणून घालू नयेत. पायाच्या धमन्यांतला रक्तपुरवठा कमी असेल, तर ते अपाय करतात. मोजे सकाळी अंथरुणातून उठण्याआधी चढवायचे, सूज येण्याच्या आत. हातात रबरी मोजे घातले तर ते सहज वर सरकतात. ही युक्ती मला एका परिचारिकेने सांगितली आणि माझी बोटे वाचली.

हे सारे आता आवरता येते. मला रस्त्यावर आज उभ्या असलेल्या मुलांची काळजी वाटते. अमेरिकेत १९९६ साली साउथ कॅरोलिना राज्याने एक कायदा केला, की कडेला दिवे लावून पोलीस किंवा रुग्णवाहिका उभी दिसली, तर जाणाऱ्याने एक मार्गिका सोडून पलीकडे व्हायचे. जागा नसेल तर वेग कमी करायचा. आज तेथील पन्नासही राज्यांत तो आहे. आपण मागच्या आसनावरून एवढे म्हणू शकतो, ‘समोर पोलिसांची गाडी दिसते आहे, सावकाश घे, थोडे उजवीकडे हो.’ मुले कुरकुरतील. ती आपल्या बोलण्यावर लहानपणापासून कुरकुरत आली आहेत.

हीच शिस्त तुमची गाडी बंद पडल्यावर तुमच्या उपयोगी येते. गाडी होईल तितकी डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर लावा, सर्वांना डाव्या दारांनी उतरवा आणि कठड्यापलीकडे, रस्त्यापासून दूर उभे करा. गाडीच्या मागे किंवा समोर कोणी उभे राहू नये. मागून धडक बसली तर गाडी नेमकी तिकडेच ढकलली जाते. गुडघे दुखतात म्हणून ‘मी आतच बसते’ असे म्हणू नका. एखादी घडीची खुर्ची गाडीत ठेवली तर कठड्यापलीकडे बसता येते. लघुशंकेसाठी महामार्गावर गाडी थांबवायची पाळी येऊ नये म्हणून टोलनाका, पेट्रोल पंप, हॉटेल येईल तेथे गरज नसली तरी उतरून घ्यावे. मदतीसाठी ११२ फिरवावा. पाणी, एक वेळची औषधे आणि पावसाळ्यात छत्री बरोबर असावी.

आमच्या गाडीत कागदपत्रांची पिशवी डाव्या दाराच्या कप्प्यात असते. आरसी, विमा, पीयूसी, यांच्या औषधांची यादी, दोघांचे रक्तगट, मुलीचा फोन नंबर. गाडी जावई चालवतात, डाव्या आसनावर हे बसतात. पिशवी पारदर्शक आहे आणि तिच्यावर मी जाड पेनाने ‘गाडीचे कागद’ असे लिहून ठेवले आहे, म्हणजे चष्मा डोळ्यांवर नसला तरी सापडते.